सोन्यातले एकोणचाळीस जादा न्यूट्रॉन

धनत्रयोदशीला जळगावच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक सोन्याबद्दल दोनच गोष्टी विचारते : वजन किती आणि शुद्धता किती. तिसराही एक प्रश्न आहे, पण तो पेढीवर कोणी विचारत नाही. सोन्याच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात ७९ प्रोटॉन असतात आणि ११८ न्यूट्रॉन. निसर्गात सोन्याचा स्थिर प्रकार हा एकच. मग न्यूट्रॉन ३९ ने जास्त का? आणि जास्त चालतातच, तर शंभराने जास्त का नाहीत?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. जादा न्यूट्रॉन बाळगण्याची काही किंमत अणुकेंद्राला मोजावी लागते. त्या किमतीला भौतिकशास्त्रात ‘सममिती ऊर्जा’ म्हणतात. ही किंमत नेमकी किती, आणि द्रव्य दाबले किंवा विरळ झाले की ती कशी बदलते, हे मोजण्याचे काम गेली पंचवीसेक वर्षे जगभर निकराने चालू आहे. शिशाच्या अणुकेंद्राचा आकार, मेलेल्या ताऱ्यांची त्रिज्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये कुठे घडतात हा प्रश्न, असे तीन धागे या एका आकड्याशी येऊन मिळतात. आणि गंमत अशी, की अत्यंत काळजीपूर्वक केलेली मापनेच आज एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

अणुकेंद्राचा जमाखर्च

१९३५ साली कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्झेकर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने अणुकेंद्राच्या बंधनऊर्जेचे एक सूत्र मांडले. बंधनऊर्जा म्हणजे केंद्रातले सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा. अणुकेंद्र हा एक द्रवाचा थेंब आहे असे मानायचे आणि वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च मांडायचा. एकक ‘दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट’, म्हणजे एमईव्ही.

सोन्याचीच वही उघडू. कण १९७. प्रत्येक कण शेजाऱ्यांशी बांधला गेल्याने साधारण १५.८ एमईव्ही जमा होतात. एकूण जमा सुमारे ३,११३. आता खर्च. पृष्ठभागावरच्या कणांना एका बाजूला शेजारी नसतात, त्यामुळे ६२० वजा. प्रोटॉन एकमेकांना विद्युतबलाने दूर ढकलतात, त्याचे ७५२ वजा. आणि तिसरा खर्च असमतोलाचा : न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या संख्यांतल्या फरकाचा वर्ग घ्यायचा, एकूण कणांनी भागायचा आणि २३ ने गुणायचा. ३९ चा वर्ग १,५२१. हिशेब करता १७८ एमईव्ही. शिल्लक उरतात सुमारे १,५६३. प्रत्यक्ष मोजलेली बंधनऊर्जा आहे १,५५९. इतक्या ढोबळ सूत्रात फरक पडतो तो फक्त पाव टक्क्याचा.

आता ३९ चे कोडे सुटते. समजा, १९७ कणांत ९८ प्रोटॉन आणि ९९ न्यूट्रॉन ठेवले. असमतोलाचा खर्च जवळजवळ शून्य होईल, पण प्रोटॉन वाढल्याने विद्युत अपकर्षणाचा खर्च १,१६० वर जाईल. उलट ९९ न्यूट्रॉन जादा ठेवले, म्हणजे ४९ प्रोटॉन आणि १४८ न्यूट्रॉन, तर अपकर्षण २८७ वर उतरेल, पण असमतोलाचा दंड १,१४४ वर चढेल. दोन्ही खर्चांची बेरीज पाहा : समसमान वाटणीत सुमारे १,१६०, शंभराच्या आसपास जादा न्यूट्रॉन असताना १,४३१ आणि प्रत्यक्षातल्या सोन्यात ९३०. एकोणचाळीस हा या दोन खर्चांतल्या तडजोडीचा आकडा आहे.

दोन कणग्या

असमतोलाला दंड का बसावा? कारणे दोन. पहिले समजायला धान्याच्या दोन कणग्या डोळ्यांसमोर आणू. एक प्रोटॉनांची, एक न्यूट्रॉनांची. पाउलीच्या नियमाप्रमाणे एका जातीचे दोन कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, म्हणून कण तळापासून वर रचत जावे लागतात. दोन्ही कणग्या सारख्या भरलेल्या असताना एकीतली पायली काढून दुसरीत ओतली, तर थोडे श्रम पडतात. दुसरी पायली काढताना पहिलीची पातळी आणखी खाली गेलेली असते आणि दुसरीची आणखी वर, म्हणून श्रम वाढतात. प्रत्येक पायली आधीच्यापेक्षा महाग. असे श्रम संख्येच्या वर्गाने वाढतात, म्हणूनच सूत्रात फरकाचा वर्ग येतो. दुसरे कारण बलाचे. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातले आकर्षण न्यूट्रॉन-न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन-प्रोटॉन यांच्यातल्या आकर्षणापेक्षा अधिक बळकट असते. एकाच जातीची गर्दी वाढली की ही बळकट जोडणी कमी होते.

शास्त्रज्ञ हा विचार एका आदर्श द्रव्यापर्यंत नेतात. ज्याला पृष्ठभाग नाही आणि ज्यातले विद्युत अपकर्षण बाजूला ठेवले आहे, असे अमर्याद पसरलेले अणुकेंद्रीय द्रव्य. त्यात न्यूट्रॉन-प्रोटॉन समसमान असतील, तर दर कणामागे ऊर्जा उणे १६ एमईव्ही, म्हणजे द्रव्य बांधलेले आहे. सगळेच न्यूट्रॉन असतील तर तीच ऊर्जा अधिक १६ च्या आसपास जाते, म्हणजे असे द्रव्य आपल्या बळावर एकत्र राहू शकत नाही. या दोहोंतला सुमारे ३२ एमईव्हीचा फरक म्हणजे सममिती ऊर्जा.

इथे चौकस वाचक विचारेल, की सोन्याच्या हिशेबात २३ आणि इथे ३२ कसे? खऱ्या अणुकेंद्राला काठ असतो, काठावर द्रव्य विरळ असते आणि विरळ द्रव्यात असमतोलाचा दंड कमी बसतो. त्यामुळे सरासरी खाली येते. म्हणजे हा दंड घनतेप्रमाणे बदलतो, आणि खरा वाद तिथेच सुरू होतो.

अणुकेंद्राच्या आतली घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन. या घनतेला सममिती ऊर्जा ३२ च्या आसपास आहे, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. पण घनता वाढली की ती किती वेगाने वाढते? या वेगाला ‘उतार’ म्हणतात. उतार ६० एमईव्ही असेल, तर घनता दहा टक्क्यांनी वाढल्यावर दंड २ एमईव्हीने वाढतो. उतार १०६ असेल, तर साडेतीनने. फरक किरकोळ वाटतो, पण ताऱ्याच्या पोटात घनता दहा टक्क्यांनी नव्हे, दोन-तीन पटींनी वाढलेली असते.

वांग्याची साल

उतार थेट मोजता येत नाही. पण त्याची एक खूण शिशाच्या अणुकेंद्रात सापडते. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे ४४ जादा. हे जादा न्यूट्रॉन आत बसतील की काठाला? आत बसले तर तिथल्या दाट द्रव्यात दंड जास्त. काठाला गेले तर दंड कमी, पण थेंबाचा पृष्ठताण त्यांना आत ओढतो. उतार जितका मोठा, तितके आत बसणे महाग आणि तितके न्यूट्रॉन बाहेर सरकतात. परिणामी न्यूट्रॉनांचा गोळा प्रोटॉनांच्या गोळ्यापेक्षा किंचित मोठा होतो. त्या फरकाला न्यूट्रॉनची साल म्हणू.

आमच्या असोद्याकडची भरिताची वांगी प्रसिद्ध आहेत. शिशाचे अणुकेंद्र तेवढे मोठे केले, त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर धरली, तर ही साल दीड ते तीन मिलिमीटर भरेल. प्रत्यक्षात त्रिज्या साडेपाच फेमटोमीटर आहे. फेमटोमीटर म्हणजे मीटरचे दहा लाख भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक. वांग्याची साल भाजल्यावर गरापासून सुटते, ही तशी सुटत नाही. अणुकेंद्राचा काठ धूसर असतो आणि साल म्हणजे फक्त दोन सरासरी त्रिज्यांतला फरक. पण दीड की तीन, यावर सगळे अवलंबून आहे.

प्रोटॉनांची त्रिज्या काढणे जुने झाले. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्डला वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांवर सोडून ते कसे विखुरतात हे पाहिले; १९६१ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने इलेक्ट्रॉनला तो या मार्गाने जवळजवळ दिसतच नाही. प्रोटॉन किंवा पायॉन सोडून न्यूट्रॉन चाचपता येतात, पण त्यात प्रबल बल येते आणि त्याचा हिशेब स्वच्छ होत नाही.

अर्ध्या गुंजेहून कमी

वाट निघाली ती दुर्बल बलातून. किरणोत्सारी बीटा ऱ्हास घडवणारे हे बल इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातही काम करते. या बलाच्या लेखी प्रोटॉनचे वजन नगण्य आणि न्यूट्रॉनचे जवळजवळ पूर्ण. म्हणजे विद्युतबलाच्या अगदी उलट. शिवाय हे बल डावे-उजवे ओळखते, हे १९५७ मध्ये चियन-शियुंग वू यांच्या प्रयोगाने जगाला कळले होते. उजवी गिरकी घेणारे आणि डावी गिरकी घेणारे इलेक्ट्रॉन आळीपाळीने शिशावर सोडले, तर विद्युतबल दोघांना सारखेच वागवते आणि दुर्बल बल थोडा दुजाभाव करते. तो दुजाभाव मोजला की न्यूट्रॉनांची त्रिज्या हाती येते. डॉनेली, डुबाख आणि झिक यांनी ही कल्पना १९८९ मध्ये मांडली.

ती प्रत्यक्षात आणली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या जेफरसन प्रयोगशाळेने. प्रयोगाचे नाव ‘प्रेक्स’. शिशाचा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा दोन हिऱ्यांच्या चकत्यांमध्ये बसवलेला, कारण इलेक्ट्रॉनांच्या झोताने शिसे वितळते आणि हिऱ्याइतकी झटपट उष्णता वाहून नेणारा घन पदार्थ दुसरा नाही. झोताची गिरकी सेकंदाला शेकडो वेळा उलटवायची आणि पाच अंशांच्या आसपास विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजायचे. २०२१ मध्ये जाहीर झालेला निकाल असा : उजव्या-डाव्यांतला फरक अब्जात ५५०.

अब्जात ५५० म्हणजे किती? एक क्विंटल कापूस मोजताना ५५ मिलिग्रॅमचा फरक ओळखण्याइतका. सराफाच्या भाषेत अर्ध्या गुंजेहूनही कमी. आणि या फरकातली अनिश्चितता आहे अब्जात १८, म्हणजे क्विंटलमागे दोन मिलिग्रॅमच्या आत. यातून साल निघाली ०.२८३ फेमटोमीटर, अधिकउणे ०.०७१. आपल्या वांग्यावर २.८ मिलिमीटर. साल जाड आहे, तर उतारही मोठा. या मापनावरून काढलेला उतार आला १०६ एमईव्ही, अधिकउणे ३७. तोवरचे बहुतेक अंदाज ४० ते ६० च्या आसपास होते.

तराजू जुळत नाहीत

त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने पुढच्याच वर्षी कॅल्शियम-४८ चा निकाल आला. २० प्रोटॉन, २८ न्यूट्रॉन. या ‘क्रेक्स’ प्रयोगात साल निघाली फक्त ०.१२१ फेमटोमीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा पातळ. ज्या सैद्धांतिक प्रारूपांत शिशाची साल जाड येते, त्यांत कॅल्शियमचीही जाडच येते. ज्यांत कॅल्शियमची पातळ येते, त्यांत शिशाचीही पातळ. दोन्ही निकालांच्या मध्यबिंदूंतून एकदम जाणारे प्रारूप सहजी सापडत नाही.

या प्रारूपांशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. मुंबईच्या आयआयटीतले वाय. के. गंभीर यांनी पीटर रिंग आणि थिमेट यांच्यासह १९९० मध्ये सापेक्षतावादी सरासरी क्षेत्र सिद्धांताने अणुकेंद्रांची गणिते करण्याची पद्धत सविस्तर मांडली. न्यूट्रॉनची साल किती असावी, हे सांगणाऱ्या प्रारूपांचे एक मोठे घराणे याच सिद्धांताचे आहे.

तिसरा तराजू जपानचा. ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये शिशाच्या अणुकेंद्राला विद्युतक्षेत्राने ताणल्यावर त्यातले प्रोटॉन न्यूट्रॉनांपासून किती सरकतात हे काढले. सरकण्याला विरोध करते ती सममिती ऊर्जाच. ती झोपाळ्याच्या दोरीसारखी प्रोटॉनांना परत खेचते. त्यावरून शिशाची साल काढली गेली ती ०.१५६ फेमटोमीटर, वांग्यावर दीड मिलिमीटर. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन परस्परविरुद्ध हेलकावतात, तो झोका १९४७ पासून माहीत आहे. तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या अणुकेंद्रांत हा झोका कसा बदलतो, याचा अभ्यास मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉन त्वरकावरही झाला आहे. चौथा तराजू मिशिगनचा. तिथे कथिलाची न्यूट्रॉन-श्रीमंत आणि न्यूट्रॉन-गरीब अणुकेंद्रे एकमेकांवर आपटून, क्षणभराच्या स्पर्शात न्यूट्रॉनांची देवाणघेवाण किती होते ते पाहिले गेले. त्यातूनही उतार मध्यमच येतो.

मग प्रेक्स चुकले का? तसे म्हणता येत नाही. त्याची पद्धत सगळ्यांत स्वच्छ आहे, पण तिची अनिश्चितता मोठी आहे. ०.२८३ मधून ०.०७१ वजा केले तर ०.२१२ उरतात, आणि अशा मापनात खरा आकडा याच्याही थोडा खाली असणे अशक्य नसते. ओसाकाची अनिश्चितता लहान दिसते, पण ताणण्यापासून सालीपर्यंत पोहोचताना प्रारूपाचा आधार घ्यावा लागतो. एका तराजूचा काटा हलतो, दुसऱ्याची वजने उसनी आहेत.

आकाशातला तराजू

हे भांडण शिशापुरते असते तर तज्ज्ञांवर सोडून दिले असते. पण हाच उतार न्यूट्रॉन ताऱ्यांनाही तोलून धरतो. मोठा तारा कोसळल्यावर उरणारा हा गोळा सूर्याच्या दीडपट वस्तुमानाचा आणि व्यासाने साधारण जळगाव ते भुसावळ या अंतराएवढा. गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबते आणि जादा न्यूट्रॉनांचा दंड त्याला बाहेर ढकलतो. शिशाची साल फुगवणारा दाब आणि ताऱ्याची त्रिज्या ठरवणारा दाब एकाच घराण्यातला, हे चार्ल्स होरोविट्झ आणि होर्हे पिएकारेविच यांनी २००१ मध्ये दाखवले. एक गोळा दुसऱ्याच्या सुमारे अठरा शून्ये मोठा, तरी कायदा एकच. प्रेक्सचा उतार खरा मानला तर अशा ताऱ्याची त्रिज्या १३ किलोमीटरच्या वर जाते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी आकाशाने आपली बाजू मांडली. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो उपकरणांनी टिपल्या. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तसे आदळण्याआधी हे तारे एकमेकांना ताणतात. तारा मोठा आणि सैल असेल तर जास्त ताणला जातो, लहान आणि घट्ट असेल तर कमी, आणि लहरींच्या अखेरच्या आवर्तनांत त्याची खूण उरते. ती खूण सांगत होती की तारे फारसे ताणले गेले नाहीत. त्रिज्या आली ११.९ किलोमीटर, अधिकउणे १.४. इथेही अनिश्चिततेच्या कडा प्रेक्सच्या कडांना जेमतेम शिवतात.

गोंगाटातून अशा लहरी वेचायच्या कशा, याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर आहेत. अपेक्षित लहरीचा साचा आधी गणिताने करून ठेवायचा आणि तो नोंदीवर सरकवत जुळतो का ते पाहायचे, ही पद्धत त्यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ पासून विकसित केली. टकरीनंतर त्या जागेतून आलेल्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या दुर्बिणींत नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरलहरी दुर्बीणही होती. याच टकरीच्या प्रकाशात स्ट्राँशियम या जड मूलद्रव्याची खूण सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. सोन्याची स्वतंत्र खूण अजून वेगळी ओळखता आलेली नाही. पण न्यूट्रॉनांच्या अशा पुरात जड मूलद्रव्ये घडतात, हे आता केवळ गणित राहिलेले नाही. आणि टकरीतून किती द्रव्य बाहेर फेकले जाते, हे ताऱ्यांच्या आकारावर, म्हणजे पुन्हा सममिती ऊर्जेच्या उतारावर अवलंबून असते. विश्वातले किती सोने अशा टकरींच्या खात्यावर मांडायचे, याचा हिशेब हा उतार कळल्याशिवाय पुरा होत नाही.

पुढे काय पाहायचे

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. जर्मनीत माइंझ येथे उभ्या राहणाऱ्या ‘मेसा’ त्वरकावर शिशाची साल पुन्हा मोजायची योजना आहे, प्रेक्सचीच पद्धत पण अधिक अचूक. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायचे आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या वेधशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हे उपकरण आले की टकरीची जागा अधिक नेमकी कळेल आणि दुर्बिणी वेळेवर तिकडे वळवता येतील.

माइंझमध्ये साल दीड मिलिमीटरची निघाली, तर तारे, कथिल आणि कॅल्शियम एका ओळीत येतील आणि प्रेक्सचा निकाल हा काट्याचा हेलकावा ठरेल. तीन मिलिमीटरची निघाली, तर गोष्ट अधिक रंजक होईल. शिशाच्या घनतेला द्रव्य ताठ आणि ताऱ्याच्या पोटातल्या दुप्पट-तिप्पट घनतेला मऊ, याचा अर्थ मध्ये कुठेतरी द्रव्याचे रूपच बदलते. कदाचित न्यूट्रॉन न्यूट्रॉन राहत नाहीत आणि त्यांच्यातले क्वार्क मोकळे होतात. तेव्हा शिशाच्या पत्र्यावर मोजलेल्या अर्ध्या गुंजेहून कमी फरकाने ताऱ्याच्या पोटातली बातमी दिलेली असेल.